जेठजी भिंतीवर

फोन वाजला की कोणाचाही हात फोनकडे जातो. भाभीजींचा हात आधी डोक्याकडे जाई. पदर नाकाच्या शेंड्यापर्यंत खाली येई आणि मगच शब्द फुटे, "हां, बोला." आमच्या गल्लीत सांगतात की म्हातारी कॅमेऱ्याला भीत होती. सांगणाऱ्यांनी तिला पाहिले असेल, ऐकले मुळीच नाही. मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिलो आणि उभी हयात टेलिफोन खात्यात घालवली. या विषयात बोलण्याचा अधिकार कोणाचा, हे वाचकांनीच ठरवावे.

नवीन जालन्यात त्यांच्या यजमानांची बियाण्यांची पेढी होती. यजमान गेले, मुलगा परदेशी स्थिरावला, घरी या एकट्या उरल्या. इंटरनेटवरून फोन करायला गल्लीत सर्वांआधी त्या शिकल्या. मलासुद्धा त्यांनीच शिकवले. "साहेब, हिरवं दाबा. इतकं जोरात न्हाई, ती दाराची घंटी हाय का?" अशा बाईला भित्री म्हणणाऱ्यांची मला कीव येते.

मग एकदा न्हाणीघरात त्यांचा पाय घसरला. हाड शाबूत राहिले. मुलाचा धीर मात्र मोडला. सुटीत येऊन त्याने बैठकीच्या भिंतीवर एक स्क्रीन बसवली. तोही फोनच, पण उचलावा लागत नाही. पलीकडच्याने बटण दाबले की तो आपोआप उघडतो. आपण झोपलेलो असताना आईकडे कोण पाहणार, म्हणून तीच सोय त्याने हैदराबादच्या थोरल्या काकांनाही करून दिली. ते भाभीजींचे थोरले दीर, म्हणजे जेठजी. लग्न होऊन आल्यापासून भाभीजींनी त्यांना चेहरा दाखवला नव्हता, की त्यांच्याशी थेट एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांच्या घराण्याची ती रीत. आता हेच जेठजी कोणत्याही घटकेला भिंतीवर उगवू लागले.

"काका, ही तर सुरुवात आहे," मुलगा मला उत्साहाने सांगत होता. "पुढे नंबर राहणार नाही, रिंग राहणार नाही. चष्म्यातच माणूस समोर येईल."

"रिंग बी न्हाई?" भाभीजी म्हणाल्या. "मंग बाईनं पदर कवा घ्यायचा रे?"

तो हसला. प्रश्न विनोदी नव्हता. भिंत कधी उघडेल याचा नेम नसल्यामुळे भाभीजी सकाळपासूनच पदर ओढून वावरू लागल्या, आणि तेही जालन्याच्या उन्हाळ्यात. संध्याकाळी मी चहाला गेलो की भिंत विचारी, "दवाई घेतली का?"

"साहेब, सांगा त्यांना, बराबर घेतली."

"बराबर घेतली म्हणतात," मी भिंतीला सांगे.

"ऐकलं. जेवण?"

खोलीतल्या बाईचा निरोप त्याच खोलीतल्या भिंतीला पोचवण्याचे काम खात्यानेही मला कधी दिले नव्हते.

एके दिवशी त्यांनी हळूच विचारले, "तुम्ही टेलिफोनवाले. ह्याची लाईन कापता येती का?"

"भाभीजी, एके काळी खांबावर चढून मी अख्खी गल्ली मुकी करू शकत होतो. याला खांबच नाही."

बटण बंद करून त्यांनी पाहिले होते. केस धुऊन उन्हात बसायचे होते, एवढेच. केस वाळण्याआधी मुलाचा मला फोन आला, "काका, आई दिसत नाही, बघा ना!" पुन्हा बंद केले तर आईला कायमची हैदराबादला ठेवीन, असे त्याने बजावले. तिथे जेठजी भिंतीवर नव्हे, समोरच्या खुर्चीत असणार. म्हणून स्क्रीन चालू राहिली.

तिची नजर न पोचणारी एकच जागा घरात होती, स्वयंपाकघरात फ्रिजच्या आडोशाला. तिथे स्टुलावर त्या उघड्या डोक्याने बसत. "हितं मी असते, साहेब," त्या म्हणत. "भाईर फिरून राह्यली ती त्यांच्या घराण्याची सून." मुलाच्या लक्षात आले की आई वरचेवर दिसेनाशी होते. त्याने माणूस पाठवून स्वयंपाकघरातही स्क्रीन लावली.

त्या दिवसापासून भाभीजींनी पोटच्या पोरापुढेही घुंघट घेतला.

"आई, तोंड तर दाखव!"

"न्हाई."

गल्लीचे म्हणणे असे की म्हातारीला भ्रम झाला, मुलगा कोण आणि जेठ कोण हे तिला कळेनासे झाले. सपशेल खोटे! मी त्यांना समोरासमोर विचारले होते, "भाभीजी, मुलापुढे कसला घुंघट?"

"साहेब, घराची समदी दारं ह्यांनी उघडून ठेवली. हे एक मला आतून लावता येतं."

हे मी मुलाला शब्दशः कळवले. "काका, तुम्ही पण ना!" एवढेच तो म्हणाला. त्यालाही भ्रमाची शंका आली होती. त्या महिन्यातच भाभीजींना हैदराबादला नेले.

पुढे एका दुपारी जेठजींनी मला फोन केला, चेहरा दिसणारा. "बोला तुमच्या शेजारणीशी." त्यांच्या मागे दिवाणावर एक ओढलेला पदर बसला होता.

"भाभीजी, बऱ्या आहात ना?"

"बरी हाय म्हणती," जेठजी म्हणाले. भाभीजी काहीच म्हणाल्या नव्हत्या. पदर उठला आणि आत गेला. "अरे, कुठं गेली? थांबा, दाखवतो," म्हणत जेठजी फोन घेऊन निघाले. माझ्या हातात त्या घराचा बोळ डुलत पुढे सरकू लागला; टोकाला एक लोटलेले दार होते. दाराची कडी दिसली आणि मी कॉल कापला.

मी जेठजींचा अपमान केला, असे आता गल्लीत सांगतात. सांगोत. त्यांचा फोन लगेच पुन्हा आला. मी तो उचलला नाही आणि कापलाही नाही. तो वाजत होता तोवर जेठजी त्या बोळात, दाराच्या अलीकडेच, माझीच वाट पाहत उभे असणार.