अर्ज लिहिण्याआधी

"काहून?"

हिंगोलीच्या तहसील कचेरीसमोर अर्ज लिहून देणारे मुन्शीजी हे विचारल्याशिवाय पेन उघडत नसत. रेशनकार्ड पाहिजे, काहून? सातबारा पाहिजे, काहून? मी आत कारकून होतो. आमचे साहेब म्हणायचे, "यांचा अर्ज वाचला की माणूसच समोर उभा राहतो."

मुन्शीजी बौद्ध. ज्यांच्यामुळे त्यांच्या घरात पहिल्यांदा अक्षर आलं, त्या महापुरुषाचं नाव मराठवाडा विद्यापीठाला द्यायचं ठरलं, आणि अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात अख्खा मराठवाडा पेटला.

त्याच दिवसांत पुसेगावचे एक पाटील आले. वर्षानुवर्षांची सवय, आपण कोणासमोर बसलोय हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

"मुन्शीजी, नाव बदलू नका म्हून अर्ज लिहा."

"काहून?"

"पोरगं बी. ए. होऊन घरी बसून राहिलं. सभेत सांगितलं, नाव बदललं की समद्या नोकऱ्या त्यांच्याच लोकायला."

"आतापर्यंत तर जुनंच नाव होतं, पाटील. मंग नोकरी काहून भेटली न्हाई?"

पाटलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हळूच म्हणाले, "पोराचं काय चाललं म्हून कोणी इचारलंच न्हाई, मुन्शीजी. त्या सभावाल्यायनं तेवढं इचारलं."

मुन्शीजींनी पेन उघडलं. नावाविरुद्धचा अर्ज त्यांनी लिहिला नाही. पोराच्या नोकरीचा लिहिला, चांगला दोन पानी.

तुम्हाला वाटेल, पाटील अडाणी म्हणून भुलले. पण नाव बदलू नये म्हणून कचेरीत फिरलेल्या निवेदनावर मीही सही केली होती. मुन्शीजींना ते कळलं.

"सगळ्यांनीच केली," मी म्हणालो.

"बराबर. पण तुमी काहून?"

एकटं पडायची भीती, याशिवाय मला कारण सापडेना. दुसऱ्या दिवशी सही मागे घेण्याचा अर्ज मी स्वतः लिहिला. मुन्शीजींनी त्यातल्या दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. महिनाभर कचेरीत माझ्यासोबत कुणी चहा घेतला नाही. छाती फुगवून सांगावं असं माझ्या नोकरीत तेवढंच घडलं.

मी सही मागे घेतली त्याच आठवड्यात मुन्शीजींच्या गावातली त्यांची वस्ती जमावानं पेटवली. त्यांचं घरही गेलं.

मुन्शीजी जाऊन आता खूप वर्षं झाली. विद्यापीठाला ते नाव मिळालेलं त्यांना पाहता आलं नाही. मला आठवतात ते जळितानंतरच्या तिसऱ्या दिवशीचे मुन्शीजी. कचेरीसमोर जमिनीवर ताठ बसलेले, भोवती वस्तीतली माणसं. मी खुर्चीवरून उठलो, बाहेर येऊन त्यांच्याशेजारी मांडी घातली आणि मुन्शीजी सांगतील तसं लिहीत गेलो. कुणाची ज्वारी, कुणाचं शिवणयंत्र, कुणाच्या लेकीची पुस्तकं. उन्हं कलली तेव्हा सगळ्यांचे नुकसानभरपाईचे अर्ज झाले होते.

मग त्यांनी स्वतःसाठी एक कोरा कागद मागितला.