घंटी झाली की दुसरी बाजू

परवा आमच्या कॉलेजातून पत्र आलं. स्मरणिका काढताहेत म्हणे. मी पहिल्या तुकडीची, तेव्हा 'महिला महाविद्यालयात शिकण्याचे फायदे' या विषयावर मी दहा मुद्दे लिहून पाठवावेत, अशी विनंती आहे. मुद्दे! दोन दिवस मी कागद पुढे घेऊन बसले. पहिला मुद्दा लिहायला घ्यावा तर महादू चपराशी डोळ्यांपुढे येतो, दुसरा घ्यावा तर शिडी आठवते. किश्श्यांचं म्हणजे आमच्या अंगणातल्या निंबाच्या पाल्यासारखं होतं. सकाळी झाडून काढा, दुपारी पुन्हा तेवढाच पडलेला. तेव्हा मुद्दे काही माझ्याच्यानं व्हायचे नाहीत. तुम्ही आपले किस्से ऐका, मुद्दे ज्याचे त्यानं काढावेत.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता त्या दिवसांतली गोष्ट. खामगावात कापसाच्या एका जुन्या जिनिंगचं गोदाम रिकामं पडलं होतं. त्यात मधे भिंती घालून चार खोल्या केल्या, बाहेर पाटी लावली, झालं महिला महाविद्यालय. पावसाळ्यात भिंतींना सरकीचा वास यायचा. प्राचार्य बाई पुण्याच्या. त्याच अर्थशास्त्र शिकवायच्या, त्याच अॅडमिशन द्यायच्या आणि पेन्सिलीला टोक नाही म्हणून रागवायच्याही त्याच.

*

अॅडमिशनच्या दिवशी माझ्यापुढे एक मुलगी उभी होती, विमल. संग्रामपूरच्या पलीकडच्या खेड्यातली. सोबत तिचे वडील, आबा. पांढरं धोतर, डोक्याला रुमाल, दोन एसट्या बदलून आलेले.

आबांनी बाईंना नमस्कार केला आणि सरळ चौकशीलाच हात घातला.

"बाई, इथं पोट्टे किती?"

"एकही नाही. महिला महाविद्यालय आहे हे."

"मास्तर?"

"एकच आहेत, इतिहासाचे. साठी उलटली आहे त्यांची."

"अन् हा?" आबांनी दारातल्या महादूकडे बोट दाखवलं.

"तो आमचा शिपाई."

आबांनी महादूला खालून वर, मग वरून खाली पाहिलं. महादू बिचारा अंग चोरून उभा. कुठे गुरांच्या बाजारात आलो की काय, असं त्याला झालं असावं. बराच वेळ पाहून झाल्यावर आबा म्हणाले, "चालते. पन वर्गात बाहेरचा मानूस नाही पायजे."

मग त्यांनी दुसरी अट सांगितली. "हे पाहा बाई, पोरीचा लय हट्ट हाय म्हून आनली. पण म्या काही तीन सालाचा वायदा करत नाही. यंदाचं यंदा पाहू. चांगलं स्थळ आलं का म्या तिले घेऊन जाईन. तवा मले अडवू नका."

बाई म्हणाल्या, "अडवणार नाही."

विमल खाली मान घालून उभी होती. तिला बी.ए. व्हायचं होतं, आणि दर साली उन्हाळ्यात तिचा जीव टांगणीला लागणार हे त्या दिवशीच ठरून गेलं. पुढे ती माझी मैत्रीण झाली, तेव्हा मला म्हणायची, "कुसुम, तुह्यासाठी बी.ए. तीन सालाचं. मले एकेक सालाचे तीन बी.ए. करा लागतात."

*

आबा निघून गेले असं आम्हाला वाटलं होतं. कुठले! विमलची सोय केली होती त्या चुलतभावाकडे मुक्काम ठोकून ते आठवडाभर कॉलेजच्या अंगणात निंबाखाली बसून राहिले. सोबत भाकरीचं फडकं आणि पाण्याचा लोटा. वर्गाची खिडकी त्यांच्या डोक्यावरच.

सहाव्या दिवशी बाई कापसाच्या बाजारावर शिकवत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "कापूस एकदा वेचला की शेत मोकळं होतं, आणि शेतकऱ्याच्या हातात..."

खिडकीत रुमाल दिसला. "कोन म्हनते? तीन येचण्या होतात बाई! संक्रांतीपर्यंत कपाशीची पऱ्हाटी उभी असते वावरात!"

विमलनं वहीत तोंड खुपसलं. बाईंनी खडू थांबवला, फळ्यावरचं 'एकदा' पुसून 'तीनदा' लिहिलं आणि खिडकीकडे वळल्या.

"आभारी आहे. आत येऊन बसा म्हटलं असतं, पण काय करणार? अट तुमचीच आहे!"

आबा दुसऱ्या दिवशी गावाला गेले.

*

आता फायदेच म्हणाल तर एक सांगते. दुसऱ्या कॉलेजांत बाक उचलायला, माळ्यावरून नकाशे काढायला, दिवा गेला की शिडीवर चढायला पोरं असायची. आमच्याकडे होता महादू, आणि महादूला उंचीची भीती! दुसऱ्या पायरीवर त्याला घेरी यायची. पहिल्याच महिन्यात फ्यूज उडाला. बाईंनी वर्गात येऊन विचारलं, "शिडीला कोण भीत नाही?" मी हात वर केला. तिथून तीन वर्षं मी कॉलेजची वायरमन. महादू खाली शिडी धरून डोळे मिटून उभा राहायचा आणि मी वर तार बसवायची.

एकदा घरी दिवा गेला. बाबा वायरमनला बोलवायला निघाले, तेवढ्यात मी स्टुलावर चढले आणि दिवा लावला. आई जवळजवळ रडायलाच आली. "हे पाह्यलं कोनी तं लगन कसं जमंल वं तुहं?"

पाहिलं ना! शेजारच्या काकूंनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, आईशी पापडांबद्दल अर्धा तास बोलल्या आणि जाता जाता हळूच म्हणाल्या, "कुसुमला पाठवा ना थोडं. आमच्याकडे कालपासून अंधार आहे."

पुढे माझं लग्न त्यांच्याच भाच्याशी जमलं. पत्रात काकूंनी लिहिलं होतं, "मुलगी सुस्वभावी असून तिला विजेचं काम येतं."

*

आमच्या वादविवादाची पद्धत दुनियेत कुठे नसेल. झालं असं, की पहिल्या शनिवारी स्पर्धा ठेवली तर बोलायला उभ्या राहिल्या तिघी. तिघींनाही एकच बाजू हवी. विरोधात कोण बोलणार? बाकीच्या माना खाली घालून बसल्या. बाई वैतागल्या. "ठीक आहे. मग प्रत्येकीनं दोन्ही बाजूंनी बोलायचं! तीन मिनिटं एक बाजू. महादू घंटी वाजवेल. मग तीन मिनिटं दुसरी."

तीच रीत पडली. दर शनिवारी वाद. घंटी झाली की तीच मुलगी त्याच जागी उभी राहून मघाचं आपलंच बोलणं खोडून काढायची. सुरुवात मात्र दोन्ही वेळा ठसक्यात, "अध्यक्ष महाराज!" अध्यक्ष बाईच असायच्या, पण आम्ही शाळेपासून पाठ केलेलं ते सुटायचं नाही.

विमल यात सगळ्यांना भारी पडायची. एकदा अकोल्याला स्पर्धेला गेलो. समोर मुलांचं कॉलेज. त्यांचा एक मुलगा विरोधात बोलायला उठला आणि दुसऱ्या मुद्द्यावर गारठला. घाम पुसतो, वर बघतो, काही आठवेना. विमल उठली, त्याचे राहिलेले तीन मुद्दे त्याच्या वतीनं मांडले, टाळ्या घेतल्या, आणि "आता याचं उत्तर," म्हणून तिन्ही उडवून लावले. ढाल आम्हाला मिळाली. त्या मुलानं तिला येऊन नमस्कार केला. वाकून!

आबा शनिवारी बाजाराला यायचे आणि विमलला ज्वारी, भाजीपाला देऊन निंबाखाली टेकायचे. एका शनिवारी त्यांनी महादूला विचारलं, "काऊन बे, ही आताच तं हो म्हनत होती. आता नाही म्हनून राह्यली?"

"घंटी झाली ना जी."

"मंग?"

"घंटी झाली का दुसरी बाजू. दोन्ही आयकल्याबिगर बाई निकाल देत नाहीत."

आबांनी यावर पुष्कळ विचार केला असावा, कारण त्या दिवशी त्यांची शेवटची एसटी चुकता चुकता राहिली.

*

दुसऱ्या वर्षी गॅदरिंगला नाटक बसवलं. पुरुषांच्या भूमिका आम्हीच करायच्या, आणि त्यांच्यासाठी मारामाऱ्या! कारण नायिकेला तीन अंक नुसतं रडायचं होतं, बोलणं सगळं पुरुषांना. मिशी एकच होती. ती विमलला मिळाली, कडक बापाच्या भूमिकेसाठी.

प्रेक्षक फक्त बायका. तसा बोर्डच लावला होता. आबा नवं धोतर नेसून मुद्दाम आले. महादूनं फाटकात आडवा हात घातला.

"पुरुषांले बंदी हाय जी."

"अबे, म्या विमलचा बाप व्हय!"

"बाप म्हंजे पुरुषच ना जी?"

आबा मागे सरले. अट पुन्हा त्यांचीच! दोघं फाटकाबाहेर ओट्यावर बसले. आत नाटक सुरू झालं. थोड्या वेळानं आबा ताडकन उठले. "महादू! आत मानूस हाय! आयक, पोरीवर वरडून राह्यला तो!"

महादूनं कान दिला आणि म्हणाला, "बसा जी. ते विमलताई हायेत."

आबा खाली बसले. महादूनं हे आम्हाला नंतर सांगितलं. म्हणाला, "मंग ते नुसते आयकत बसले. मधात एकदा इचारलं, 'म्या असा बोलतो काय बे?' म्या म्हनलं, 'मले काय मालूम जी!'"

*

हा शेवटचा.

तिसरं वर्ष. संक्रांत होऊन गेलेली, परीक्षा तोंडावर. ऑफिसातला दिवा गेला होता म्हणून मी शिडीवर होते. महादू घंटीची वेळ झाली म्हणून मला तशीच टांगती ठेवून बाहेर गेलेला. तेवढ्यात आबा आत आले. मागे विमल. तिचा चेहरा पाहिला आणि मला काय ते कळलं.

"बाई, सोयरीक जमली," आबा म्हणाले. "जळगाव जामोदचं घर हाय. फाल्गुनात लगन. पोरीचं नाव काढा."

"दोन महिन्यांवर परीक्षा आहे," बाई म्हणाल्या.

"तुमी अडवनार नव्हत्या."

बाईंनी तेव्हा शब्द दिला होता. मग म्हणाल्या, "नाव काढायला लेखी अर्ज लागतो. तो मी माझ्या हातानं लिहिणार नाही."

आबांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. मी शिडीवर फ्यूजमधे तोंड घातलं.

"विमल, तूच लिही," आबा म्हणाले.

विमल बसली. आबा सांगत गेले, ती लिहीत गेली. पोरीचं वय झालं. पोरगा मॅट्रिक हाय, बायको त्याच्याहून जास्त शिकलेली बरी दिसत नाही. शिकून तिले काय करा लागते, चूल तं चुकत नाही. अन् अशी जमीनजुमल्याची सोयरीक पुन्हा दारात येत नाही. विमलनं एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. कारणं मात्र एकाखाली एक, नंबर घालून लिहिली. सवयच होती तिला!

"वाचून दाखव," बाई म्हणाल्या.

विमल उभी राहिली आणि वाचलं. स्पष्ट, ठाम, जिथे थांबायचं तिथे थांबून. मला तिचा राग आला. अगं, निदान वाईट तरी वाच! इतकं चांगलं वाचलं तिनं, की शिडीवर मलासुद्धा दोन मिनिटं पटलं.

बाईंनी शाईचं पॅड पुढे सरकवलं. आबांनी अंगठा पॅडवर दाबला, उचलला, कागदावर आणला.

बाहेर महादूनं घंटी वाजवली. तिसरा तास संपला होता.

आबांचा अंगठा तसाच राहिला, कागदापासून बोटभर वर. त्यांनी दाराकडे पाहिलं. मग विमलकडे.

"घंटी झाली," ते म्हणाले.

"तास संपला," बाई म्हणाल्या.

"हाव. पण घंटी झाली ना?" आबांनी अंगठा मागे घेतला आणि खुर्ची ओढून बसले. तीन वर्षांत ते पहिल्यांदा त्या ऑफिसात बसले होते. "बोल मंग, विमल. दुसरी बाजू."

विमलनं कागद टेबलावर पालथा ठेवला. तिनं पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला, बाईंकडे पाठ केली, बापाकडे तोंड केलं आणि म्हणाली,

"अध्यक्ष महाराज!"