एकाच पोरीची पाच बारशी

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही: माझ्या मामांना ठाण्यात बसवलं ते माझ्या तोंडामुळं. पण आधी मामा सांगतो. कारण एकाच पोरीचं पाच वेळा बारसं करणारा माणूस निजामाच्या अख्ख्या मोगलाईत दुसरा झाला नाही.

भूमच्या सडकेवर खडी फोडायचं काम चाललं होतं. मामा तिथं लोहार. छिन्न्या-पहारींना धार लावायचे. कानडी मुलखातून आलेली माणसं भात्यापाशी आली की विचारायचे, "ऊटा आत?" म्हणजे जेवण झालं का. मामांचं कानडी तिथंच संपायचं. मग रागवायलाही तेच, समजूत घालायलाही तेच, फक्त सूर बदलून. एकदा मयताच्या घरीही तेच विचारून आले, आणि म्हणे दोन दिवस उपाशी बसलेल्या बाईनं भाकरी मोडली.

खडी मोजायला बिनबुडाची लाकडी पेटी असायची. गावच्यांना एक, आणि ह्या परमुलखातल्यांना चार बोटं उंच दुसरी. दाम मात्र तेवढाच. दोन्ही पेट्या धरणारा कारकून मी. मामांनीच मला उर्दू शाळेत घालून त्या नोकरीला लावलेलं. ते एवढंच म्हणायचे, "भाच्या, तुजी पेटी लई वाढायलीय. खायला काय घालतूस तिला?"

सभेला परवानगी लागे आणि ती मिळत नसे. बारशाला लागत नसे. मग मामांनी खडी फोडणाऱ्या कानडी यल्लव्वाची तान्ही पोर धरली. आज कानड्यांच्या पालांवर बारसं, आठवड्यानं गावच्यांच्या आळीत, दर खेपंला नवं नाव. पाळण्यात वाकून मामा पोरीच्या कानात सांगायचे, "सगळ्यांना एकच पेटी, न्हायतर हात बांधून बसायचं." मग तेच घुगऱ्यांबरोबर कानोकानी फिरायचं. एकदा ठाण्याचे अमीनसाहेब स्वतः आले, दोन मुठी घुगऱ्या खाल्ल्या आणि म्हणाले, "नाम क्या रखा?" मामा डोकं खाजवत म्हणाले, "साहेब, ह्या खेपंचं अजून ठरायचंय."

पुढं सडकेचा ठेका घेतलेल्या गुत्तेदारानं मला गाठलं. "इतकी बारशी कशापायी रं?" नोकरीच्या भीतीनं मी सगळं ओकलो. त्याच दिवशी मामांना उचललं.

दुसऱ्या सकाळी सडकेवर एक घण वाजला नाही. गावचे, परमुलखातले, सगळे आपापल्या ढिगावर हात बांधून. तिसऱ्या दिवशी यल्लव्वानं ठाण्याच्या खांबालाच झोळी बांधली. मागं सगळी सडक उभी. "नाव ठिवायचं हाय. मामा सोडा." पोरीनं असा सूर लावला की अमीनसाहेबांनी कानावर हात ठेवून मामांना सोडलं. गुत्तेदारही नमला. उंच पेटी मामांच्या भट्टीत गेली आणि तिच्याच जाळावर पाचव्या बारशाच्या घुगऱ्या शिजल्या. बायांनी फुगड्या घातल्या.

"चहाडी कुणी केली असंल, मामा?" कुणीतरी विचारलं.

"असंल कुणीतरी भुकंला भिणारं," मामा म्हणाले. मग माझ्या ओंजळीत घुगऱ्या ओतून हळूच विचारलं, "ऊटा आत?"

मी मान हलवली. घुगऱ्यांचा बकाणा भरला.

आता मामांना दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. कानात सांगायचे दिवस गेले. सांगायचं तर गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडावं लागेल. 'मीच सांगितलं होतं' एवढे तीन शब्द मी मामांना अजून देणं लागतो.