सुलिआची फांदी

आमच्या बेटांची राजधानी आपिया. तिथल्या बाजारामागे काइसाचं छपाईचं दुकान आहे. दुकानात कॉम्प्युटरपुढे बसते ती फुआतिनो. वय चोपन्न, हात मोठे, जीभ तिखट, आणि आमच्यात उठून दिसेल इतका काळा रंग. त्या रंगावरून कुणी काही बोललं तर ती त्याला बाजारात चार माणसांसमोर थांबवून परत बोलायला लावते. दुसऱ्यांदा सहसा कुणी बोलत नाही.

वीस वर्षं ती ब्रशने बसगाड्यांवर नावं रंगवायची. मग बसवाले चिकटवायची छापील अक्षरं घ्यायला लागले आणि तिचं काम बसलं. "आता घरी बस, नातवंडं सांभाळ," काइसा म्हणाला. एवढं ऐकल्यावर तिने घरी बसणं शक्यच नव्हतं. त्याच्याच दुकानातल्या कॉम्प्युटरवर ती शिकली, मशीनला आणि त्याला आलटून पालटून शिव्या घालत. आज आपियात कुणाची चित्राची फाइल अडली की ती फुआतिनोकडेच येते, आणि काइसा गिऱ्हाइकाला सांगतो की हिला मीच तयार केली.

एका वर्षी तिचे सख्खे मामा एसेकिएलू सवाईई बेटावरून बोटीने दुकानात आले. मामा घराण्याचे मताई, म्हणजे प्रमुख. किताब त्यांच्याकडे, त्यामुळे घरात शब्दही त्यांचाच. डिसेंबरात घराण्याचा मेळावा होता. ऑकलंडहून, सिडनीहून माणसं येणार होती, आणि लहानथोर सगळ्यांना शर्ट हवे होते. पाठीवर नीरफणसाचं झाड. आजी-आजोबा खोडाशी, त्यांच्या प्रत्येक मुलाची एक फांदी, आणि ज्या फांदीचा जो रंग, त्याच रंगाचा तिच्या माणसांचा शर्ट. मामांच्या मुलीने, मोएलागीने, ऑकलंडमध्ये बसून झाड काढलं होतं. काम एवढंच होतं की मामांच्या फांदीची पानं पिवळी होती, ती लाल करायची.

फुआतिनोने फाइल उघडली. आजीला मुलं झाली सात. झाडाला फांद्या सहा. कोणती नाही हे तिला शोधावं लागलं नाही. तिची आई सुलिआ सगळ्यांत थोरली. तिने नारळाच्या मळ्यावरच्या माणसाशी लग्न केलं. त्याच्या बापाला जर्मनांनी, इथे त्यांचं राज्य होतं तेव्हा, सोलोमन बेटांवरून जहाजात घालून मळ्यावर राबायला आणलं होतं. हा स्वतः इथेच जन्मला, इथलीच भाषा बोलायचा, चर्चमध्ये पहिल्या रांगेत उभा राहून गायचा. पण गावाने त्याचा रंग तेवढा पाहिला. सुलिआला माहेरी परत कुणी बोलावलं नाही. गेली तेव्हा तिला मळ्याच्या कडेलाच पुरलं.

"मामा, मी कुठल्या रंगाचा शर्ट घालू?" फुआतिनोने विचारलं.

"तू कुठलाही घाल गं," मामा म्हणाले. "उरेल तो घाल. तू काय, घरचीच."

हे ते अगदी मायेने म्हणाले आणि बाजारात फिरायला गेले. फुआतिनो गप्प राहिली. काइसाने मशीनला तेल घालता घालता मान वर करून पाहिलं, कारण ती गप्प बसलेली त्याने पूर्वी पाहिली नव्हती.

ती कामाला लागली. पिवळ्या पानावर क्लिक केलं, तर अख्खं झाड सिलेक्ट झालं. परत केलं, परत झाड. पोरीने सगळ्या झाडावर मास्क घातला होता. मास्क म्हणजे चित्रावर ठेवलेली खिडकी. खिडकीतलं दिसतं, बाहेरचं असतं पण दिसत नाही. आणि बाहेरून हात घातला तर खिडकीसकट सगळंच हाताला येतं. वर प्रत्येक पानाला आणखी एक छोटी खिडकी, नक्षी कापायला.

"पुसून टाक ते पान आणि नवीन काढ," काइसा म्हणाला. "दहा मिनिटांचं काम."

"तू तेल घाल."

न कळलेली गोष्ट पुसून टाकणाऱ्या माणसांचा तिला मनापासून राग आहे. तिने रंग सगळे बंद केले आणि नुसत्या रेषा दिसतील असं केलं. रंग गेला की खिडकीचं काही चालत नाही, जे आहे ते सगळं दिसतं. खोड दिसलं, सहा फांद्या दिसल्या. आणि डावीकडे, जिथे आतापर्यंत कोरा पांढरा कागद होता, तिथे सातवी फांदी दिसली.

तिच्यावर सुलिआ लिहिलं होतं. खाली फुआतिनो, त्याखाली तिच्या तिन्ही मुलांची नावं, एकही चूक नाही. पानांच्या शिरासुद्धा काढलेल्या. कुणीतरी बसून, विचारून, जीव लावून ही फांदी काढली होती. आणि मग मोठ्या खिडकीची डावी कड धरून आत ओढली होती.

फुआतिनोचे कान तापले. आपल्याला हे लोक विसरले, असं ती आयुष्यभर समजत आली होती, आणि विसरलं म्हणून तिने त्यांना कधीच माफ करून टाकलं होतं. पण हे विसरले नव्हते. आठवून झाकलं होतं. याला माफी द्यायची तिची अजिबात तयारी नव्हती.

तिने कड धरली आणि बाहेर ओढली.

मामा दुपारी आले, हातात नारळाच्या दुधातल्या गरम पावांची पिशवी. पडद्यावर नजर गेली आणि पिशवी टेबलावर ठेवायची राहूनच गेली.

"हे काय?"

"झाड."

"ती फांदी झाकलेली होती."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"मी मोएलागीला काढून टाक म्हणून सांगितलं होतं," मामा म्हणाले. "लोक बाहेरून येणार, फोटो निघणार. जुन्या गोष्टी उगाच कशाला? तूसुद्धा समजून घे. आधी होतं तसं कर."

"तिने काढून टाकली नाही, मामा, नुसती झाकली. तिचा हात धजला नाही. तुमचा धजतो का बघू." फुआतिनो खुर्चीतून उठली. "बसा इथे. हा माउस. माझ्या आईला तुमच्या हाताने काढून टाका. मी काढणार नाही."

"काइसा, तू कर रे."

"मला खरंच येत नाही," काइसा मशीनकडे बघत म्हणाला.

मामा खुर्चीत बसले. "माझ्या ऑफिसात कॉम्प्युटर होता," ते म्हणाले. त्यांनी सुलिआच्या नावावर क्लिक केलं. सगळ्या झाडाभोवती निळी चौकट आली. पानावर केलं, तीच चौकट. चष्मा पुसून परत केलं. मताई बसलेले असताना त्यांच्या डोक्याशी उभं राहणं हा आमच्यात मोठा उद्धटपणा. फुआतिनो हाताची घडी घालून बरोब्बर तिथेच उभी होती.

"दाबा की," ती म्हणाली. "डिलीटचं बटण उजवीकडे आहे."

मामांनी दाबलं. पडदा कोरा झाला. आजी गेली, आजोबा गेले, सहा फांद्या गेल्या, किताबासकट लिहिलेलं एसेकिएलू हे नावही गेलं.

"अगं, कुठे गेलं सगळं?"

"तुम्ही तिला धरलंत. ती एकटी हाताला लागत नाही."

मामा कोऱ्या पडद्याकडे बघत राहिले. मांडीवरच्या पिशवीतून दूध त्यांच्या गुडघ्यावर ठिबकत होतं.

"परत आण."

"आणते. पण येतील त्या सात फांद्या येतील. सहा फांद्यांचं झाड या दुकानात छापलं जाणार नाही. दुसरीकडे न्यायचं तर न्या, आत्ताच न्या. पण मी डिसेंबरात गावात येणार आहे, आणि सातवी फांदी कुठे आहे ते ऑकलंडच्या, सिडनीच्या एकेकाला विचारणार आहे."

मामांनी पिशवी टेबलावर ठेवली. फुआतिनोने त्यांच्या खांद्यावरून हात पुढे घालून दोन बटणं दाबली आणि झाड परत आलं. सातही फांद्यांसह.

"आणि ही थोरलीची आहे," ती म्हणाली. "कडेला नको. मी ती खोडाजवळ आणतेय, सगळ्यांत आधी. उठा, मला खुर्ची लागेल."

मामा उठले.