शाबासकीचं बटण

गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला पुन्हा चालतं करायचं, हे तिचं काम. दवाखान्यात तिने वर्षानुवर्षं लोकांचे पाय वाकवले, त्यांच्या शिव्या खाल्ल्या, आशीर्वादही घेतले. मग घरी गेल्यावर हेच लोक व्यायाम सोडून देतात, हे बघून बघून तिने नोकरी सोडली आणि स्वतःची कंपनी काढली.

कंपनी म्हणजे काय, तर लाँड्रीच्या वरची एक खोली. खालच्या इस्त्र्यांमुळे फरशी कायम कोमट. तिथेच काम, तिथेच पलंग. मावसभावाने फोनवर चालणारं ॲप बनवून दिलं आणि तो पगाराच्या नोकरीला लागला. त्याचंही चुकलं नाही, हवा खाऊन किती दिवस राहणार बिचारा!

ॲप साधं होतं. पेशंटने घरी व्यायाम करायचा आणि 'झाला' हे बटण दाबायचं. दाबलं की तिचाच आवाज यायचा, "शाबास! आज छान केलंत. उद्या भेटू हं." खालच्या यंत्रांची घरघर येऊ नये म्हणून डोक्यावर गोधडी घेऊन तिने ते वाक्य रेकॉर्ड केलं होतं.

बटण कितीदा दाबलं गेलं त्याच्या आलेखाची रेघ कॉम्प्युटरवर दिसे. रेघ चढत होती. ती उठल्यावर बघायची, चहा घेताना बघायची, आंघोळ करून पुन्हा बघायची. दिवसभरात दुसरं कोणी भेटत नसलं तरी रेघ भेटायची.

नव्या कंपन्यांत पैसे घालणारे एक म्हातारे कारखानदार होते. सगळे त्यांना काका म्हणत. तिने मोठ्या उमेदीने त्यांना रेघ दाखवली.

"रेघ चढली ते दिसतंय मला, डोळे शाबूत आहेत," काका म्हणाले. "तू ह्यातून शिकलीस काय?"

"लोकांना ॲप आवडतंय, काका."

"आणि गुडघे? ते किती वाकले?"

ते तिने मोजलंच नव्हतं.

"बघून ये. मग ठरवू तुझ्या कंपनीत पैसे घालायचे का ते."

कोन मोजायची पट्टी पिशवीत टाकून ती निघाली. आधी गेली सगळ्यात जास्त बटण दाबणाऱ्या मावशींकडे. मावशी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, घरात एकट्या. भिंत धरत धरत त्यांनी दार उघडलं. पट्टी लावली. गुडघा दवाखाना सोडताना होता तसाच, लाकडासारखा.

"मावशी, तुम्ही तर दिवसातून चार-चारदा व्यायाम करता!"

"कोण, मी?"

"बटण दाबता ना?"

"दाबते की. व्यायामाने दुखतं गं मेलं." मावशी हसल्या, मग जरा ओशाळल्या. "बटण दाबलं की तू बोलतेस. नोकरीत दिवसभर कानात कोणी ना कोणी असायचं. आता ह्या घरात बोलतो तो फक्त फ्रिज. रागावलीस?"

रागावणार कुणावर? परतताना जिन्यात ती कठड्याला धरून उभी राहिली. रेघ बघायला ती स्वतः दिवसातून कितीदा जात होती, ते तिला आठवलं. देवा, मी हे काय मोजत बसले, असं ती मनातच म्हणाली.

बाकीची घरंही फिरली. काहींचे गुडघे खरोखर वाकले होते. पुष्कळांचे नव्हते. वाकलेले तेवढेच काकांना दाखवावेत, असं एकदा मनात आलं. खोटं नाही, फक्त निवडक. पण काकांसमोर तोंड उघडलं तेव्हा खरं तेच बाहेर पडलं.

"काका, मी व्यायाम मोजतच नव्हते. एकटेपणा मोजत होते."

"मग आता?"

"बटण काढून टाकते. फोन पायाला बांधून गुडघ्याचा कोन मोजेन. कोन वाढला तरच नोंद. आवाज मात्र वेगळा ठेवते, ज्याला हवा त्याने हवा तेव्हा ऐकावा."

"रेघ आपटेल."

"आपटेल."

काकांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "शिकलीस, यात शंका नाही. पण ह्या खेपेला मी पैसे घालू शकत नाही, पोरी. वाढलेले कोन दाखव, मग ये."

रेघ खरंच आपटली. पोटासाठी तिने सकाळचं दवाखान्यातलं काम पुन्हा धरलं. दुपारी कंपनी. बंद पडणं सोपं होतं, पण पेशंटचं कुठे अडतंय ते आत्ताशी कळायला लागलं होतं. म्हणून दुपारी ती मावशींकडे जाई, कुठल्या हालचालीला त्या व्यायाम टाकतात ते बघत.

"आई गं! मेले!"

"नाही मरत. अजून जरासं."

"कसाई आहेस अगदी." मावशींनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता, डोळ्यांत पाणी होतं. पट्टीवर काटा केसभर पुढे सरकला होता. धाप ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "तुझ्या घरी गं कोण कोण असतं?"

"पाय सैल सोडा, मावशी," ती म्हणाली.