गप उभ्या राहिलेल्या बाया

त्या दुष्काळात गावच्या दूध संस्थेचा पाण्याचा टँकर चेअरमनच्या मोसंबीच्या बागेत रिकामा व्हायचा. सगळ्यांना माहीत होतं. सर्वसाधारण सभेत उठून विचारलं एकट्या माझ्या आईने. ती सभासद होती; तिच्या दोन म्हशींपैकी एक नुकतीच चारा छावणीत मेली होती.

"बाई, गप बसा. तुमाला काय कळतंय ह्यातलं?" चेअरमन म्हणाला. माणसं हसली. आई खाली बसली. मी तेव्हा बीडला कॉलेजात होते; सुट्टीला आले होते, सभेत मागे बसले होते. तो हशा मनात धरूनच एसटीत बसले.

पुढच्या उन्हाळ्यात पाण्याची पाहणी करायला नॉर्वेची एक बाई आली आणि आमच्याकडे उतरली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी तिची दुभाषी. एका दुपारी वारा पूर्ण पडला, तशी ती म्हणाली, "स्टिले." शांत असणं आणि वारा पडणं, दोन्हीला त्यांच्यात हाच शब्द. आमचं 'निवांत'ही 'निवात'वरून आलंय, वारा नसलेलं, मी सांगितलं. ती खूश झाली. पण 'स्टिले'चं मूळ वेगळं, म्हणाली. जागेवर ठेवणं, उभं असणं. तुमच्या 'स्थळ'शीही त्याचं नातं जोडतात.

मी ते आईला सांगितलं.

"म्हंजे गप बसणं न्हाई?"

"न्हाई. गप उभं राहणं."

आई लसूण सोलत राहिली. मग म्हणाली, "सभेत समदे मंजूर मंजूर वरडत्यात, तवाच ठराव पास होतो ना?"

दुसऱ्या दिवसापासून ती घरोघर फिरायला लागली. निम्म्या म्हशी बायकांच्याच नावावर होत्या, म्हणजे निम्म्या सभासदही त्याच.

सभेत चेअरमनने वर्षाचा कारभार वाचला. "मंजूर?" एकेक करून बाया उठल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे बघून नवरेही गप्प. त्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा त्याचा आवाज चिरकला.

"बोला की! कावून उभ्या ऱ्हायल्या?"

आई त्याच्याकडे बघत होती. मी तर डोळे भरून बघितलं.

सभा गुंडाळावी लागली. टँकर संस्थेच्या हौदावर यायला लागला, आणि पुढच्या निवडणुकीत चेअरमन पडला. नंतर एकदा आमच्या दारात आला. "वहिनी, चुकलं आसंल माझं." आईने चाऱ्याची पाटी म्हशीपुढे सारली, मान फक्त हलवली. मी उंबऱ्यात होते. उन्हात तो बराच वेळ ताटकळला. मी बसा म्हणाले नाही, पाणीही विचारलं नाही.

तो गेल्यावर आई रागावली. "पानी तरी द्यायचं होतंस."

मला अजूनही तसं वाटत नाही.