बुडाला भोक असलेला कॅन

निवृत्त झाल्यापासून मला शीतपेयांचे जुने कॅन जमवायचा नाद लागलाय. सदर बाजारातल्या एका कबाड्याकडे मी चकरा मारतो. मिळालेला कॅन लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून गंज सोडवायचा, आतून लाकडी दांडक्याने पोचे काढायचे आणि काचेच्या कपाटात मांडायचा.

गेल्या हिवाळ्यात संत्र्याच्या रसाचा एक पत्र्याचा कॅन मिळाला. धुताना दिसलं, बुडाच्या मधोमध खिळ्याने भोक पाडलंय आणि आत दोऱ्याची गाठ अडकलीय. कुणा मुलांचा टेलिफोन! जोडीचा दुसरा मिळेल या आशेने मी कबाड्याला विचारलं.

"लक्ष्मी गेटवाली मराठी दीदी के घर का है, बाबूजी."

पत्ता विचारत मी तिथे गेलो, तर दीदी माझ्याच वयाच्या निघाल्या. मी पिशवीतून कॅन काढला तशा त्या खाटेवर बसल्याच.

"हा दादाचा आहे. माळा साफ करवला, त्यात गेला असेल. तो छतावरून बोलायचा, मी खाली रसोईतून ऐकायची."

"आणि तुमचा?"

"माझा आईने फेकला. दादा दोस्तांबरोबर एरचला गेला होता, बेतवा नदीवर नहायला. परत आलाच नाही. निघण्याआधी छतावरून काहीतरी बोलला होता. तेवढ्यात आईने हाक मारली, माझं ऐकायचं राहिलं. मग मी रोज कानाला लावून बसायची. म्हणून आईने फेकला."

मी कॅन त्यांच्यापुढे धरला. "ताई, तुमची वस्तू आहे. ठेवा."

"नको भैया. घरात राहिला तर मी परत कानाला लावीन."

मी तो घरी आणून कपाटात ठेवला. बायकोला यातलं काहीच सांगितलं नाही. का कोण जाणे, जीभ रेटली नाही.

एका दुपारी ती कपाट पुसत होती. तो कॅन तिने सहज कानाला लावला आणि हसली. "अहो, यात पाणी वाहतंय."

"कुठलाही रिकामा डबा असाच वाजतो," मी म्हणालो आणि तिच्या हातून तो जवळजवळ हिसकावलाच. ती आत गेल्यावर खात्री करायला म्हणून शेजारचा कॅन कानाला लावला. मग त्याच्या पलीकडचा. सगळ्यांत तोच वाहत्या पाण्याचा आवाज होता, कुणी लांबून बोलायला लागावं तसा.

त्यानंतर बरेच दिवस मी सदर बाजाराकडे फिरकलो नाही.